चाकाची मागची बाजू

मागच्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. नोकरीला लागून त्याला दोन वर्षं झाली, स्वतःच्या पैशाने त्याने सेकंडहँड पोलो घेतली आहे आणि सध्या त्याला दुसरं काही सुचत नाही. "मामा, अलॉय कंपनीचे घेऊ की बाहेरचे? आणि मागे स्पॉयलर टाकायचाय, कसा दिसेल?" फोन ठेवायच्या आत व्हॉट्सॲपवर नऊ फोटो येऊन पडले. सगळे चाकांचे, सगळे समोरून काढलेले.

त्याला मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण याच प्रश्नात माझी स्वतःची तीन वर्षं गेली आहेत.

मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. २०१५च्या उन्हाळ्यात मी १९८८ सालची पोर्शे ९४४ घेतली. पोर्शे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ९११ येते. ९४४ ही तिची धाकटी बहीण. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजन दोन्ही ॲक्सलवर जवळजवळ निम्मं निम्मं. ती पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात नाही, तर नेकारझुल्मला आउडीच्या कारखान्यात जुळवली जायची, आणि तेवढ्यावरून तिला अस्सल पोर्शे न मानणारे लोक इथे अजूनही भेटतात. मला ते पटत नाही. तिचं अडीच लिटरचं इंजिन पोर्शेचंच आहे, पोर्शेच्याच ९२८ या गाडीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या एका बाजूवरून बेतलेलं. घाटातल्या वळणावर एकदा तिला वळवून बघावं, मग कारखान्याचा पत्ता कोणी विचारत नाही.

माझ्याकडे आली तेव्हा मात्र ती कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नव्हती. चारही चाकं १७ इंची, बाहेरची. मागच्या काचेच्या कडेवर फायबरचा मोठा पंख, म्हणजे स्पॉयलर. खरं सांगायचं तर त्या चाकांवर आणि त्या पंखावर भाळूनच मी ती घेतली.

कंपनीचं की बाहेरचं, हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा. बाबांकडे चेतक होती आणि स्पेअर घ्यायला ते मला नाना पेठेत बरोबर न्यायचे. काउंटरवरचा माणूस न चुकता विचारायचा, "कंपनीचा देऊ का लोकल?" बाबांचं उत्तर प्रत्येक वस्तूला वेगळं असायचं. ब्रेकची केबल, ब्रेक शू, टायर, ट्यूब कंपनीचं. आरसा, सीट कव्हर, स्टेपनीचं कव्हर लोकल चालेल. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "जिथे जीव टांगलेला असतो तिथे पैसे वाचवायचे नाहीत. शोभेचं काय, कुठलंही घे." हा नियम मी इतकी वर्षं जपला आहे. त्या हिशेबाने चाकं कंपनीची हवीत आणि स्पॉयलर कुठलाही चालेल. पण चाकांनी मला वेगळंच काही दाखवलं, आणि स्पॉयलरच्या बाबतीत तर बाबांचा नियम मला दुरुस्तच करून घ्यावा लागला.

२०१६चा ऑक्टोबर. हिवाळ्यासाठी गाडी ठेवून द्यायची म्हणून ती स्टँडवर चढवली आणि चारही चाकं उतरवली. समोरून ती मी दर शनिवारी पुसायचो. मागून कधी बघितलीच नव्हती. ब्रेकची काळी भुकटी डांबरासारखी चिकटून बसली होती. बादलीत साबणाचं गरम पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी खाली बसलो. पहिलं चाक साफ झालं तसा आत ओतकामातच उठवलेला एक शिक्का दिसू लागला, केबीए आणि पुढे पाच आकडे. फ्लेन्सबुर्गला वाहनांचं एक केंद्रीय खातं आहे, त्याने त्या चाकाचं डिझाइन तपासून दिलेला हा क्रमांक. दुसऱ्या चाकावर तोच क्रमांक. तिसऱ्यावरही. चौथ्यावर साइज होती, बाकी कोरं. समोरून चारही जुळी भावंडं.

त्या चौथ्या चाकाच्या आतल्या कडेवर केस चिकटल्यासारखं काहीतरी दिसलं. ब्रशने जाईना. नख फिरवलं तर अडकलं. भोसरीला ट्रेनी होतो तेव्हा ओतलेल्या भागांची डीपी टेस्ट, म्हणजे रंगाने तडा शोधायची तपासणी, करायला शिकलो होतो, तेच डबे घेऊन आलो. लाल पेनेट्रंट मारला, पंधरा मिनिटं थांबलो, फडक्याने स्वच्छ पुसला आणि वरून पांढरा डेव्हलपर फवारला. मिनिटभर काही नाही. मग पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटायला लागली, कडेपासून आत आऱ्याच्या मुळाकडे जाणारी. मोजली. चार सेंटिमीटर. आदल्याच रविवारी याच चाकावर, मुलीला शेजारी बसवून, मी ताशी १८० किलोमीटरने घरी आलो होतो. मी बराच वेळ त्या बादलीशेजारी बसून राहिलो.

आधीच्या मालकाचं एक चाक कधीतरी गेलं असणार आणि त्याने दिसायला तसंच आणून लावलं असणार. म्हणजे बाहेरच्या चाकाचीही कोणीतरी नक्कल केली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट ऐकून माझे मित्र लगेच म्हणाले, "बघ, म्हणून ओरिजिनलच घ्यावं." पण ती बाकीची तीनही बाहेरचीच होती आणि ती ठणठणीत होती. त्यांचीही मी तीच लाल-पांढरी तपासणी केली, कुठे ओरखडा नाही. त्यांच्यामागे कोणीतरी उभं होतं, या चाकाने किती वजन पेललं, किती फेरे सोसले हे बघून सही करणारं. कोऱ्या चाकामागे कोणीच नव्हतं.

इथे ही सही फार गंभीरपणे घेतली जाते. बाहेरची चाकं लावायची तर त्यांच्यासोबत एकतर सरसकट परवान्याचा कागद हवा, नाहीतर तपासणीचा अहवाल घेऊन ट्यूफ या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या माणसाकडे गाडी न्यायची आणि तो बदल गाडीच्या कागदपत्रात चढवून घ्यायचा. तसं केलं नाही आणि बदल धोक्याचा ठरला, तर गाडीचा रस्त्यावर यायचा परवानाच रद्द होतो. सुरुवातीला मला हा नुसता कागदी सोपस्कार वाटायचा. त्या लाल रेघेनंतर नाही वाटला.

मला त्या तिघांच्या जोडीला चौथं हवं होतं. मिळालं नाही. बनवणाऱ्याने ते डिझाइन कधीच बंद केलं होतं. बाहेरच्या मालाची ही अडचण दुकानात उभं असताना कोणाच्या ध्यानात येत नाही. आज हौसेने चार चाकं घेतो आणि दहा वर्षांनी एक फुटलं की उरलेली तीन भंगारात. कंपनीच्या भागाला क्रमांक असतो, तो क्रमांक घेऊन तीस वर्षांनंतरही जुना का होईना, नेमका तोच भाग शोधता येतो.

तरी 'ओरिजिनल' हा शब्द वाटतो तितका सरळ नाही. ९११वर ज्या पाच पाकळ्यांच्या चाकांना लोक जीव टाकतात, ती पोर्शेने घडवलेलीच नाहीत. १९६७च्या ९११ एससाठी ती मायनर्त्सहागेनच्या ओटो फुक्स या कंपनीने घडवली, ओतून नव्हे तर दाबून, फोर्जिंग करून. इथून शंभरेक किलोमीटरवर ब्लॅक फॉरेस्टमध्ये शिल्टाख नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९७० साली बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोघांनी कंपनी काढली आणि आपल्या आडनावांची व गावाची आद्याक्षरं जोडून तिला बीबीएस नाव दिलं. त्यांची चाकं गाडीच्या कारखान्यातही जायची आणि दुकानातही. टायरचंही तेच. पोर्शे टायर बनवत नाही, पण बनवणाऱ्यांचे टायर स्वतःच्या गाडीवर तपासते आणि पसंत पडले की त्यावर एन हे अक्षर येतं. म्हणजे कंपनीचं म्हणजे कंपनीने घडवलेलं असं नाही. कंपनीने माझ्या गाडीसाठी बघून घेतलेलं, हा त्याचा अर्थ.

'माझ्या गाडीसाठी' हे शब्द किती महत्त्वाचे आहेत, ते कळायला मला पुढचं वर्ष लागलं. स्टुटगार्टला दर वर्षी जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि तिथे सुट्या भागांचा बाजारही असतो. तिथे एका टेबलाखाली मला ९४४ची अस्सल चाकं दिसली. गोल भोकांची, जुन्या टेलिफोनच्या डायलसारखी दिसतात म्हणून सगळे त्यांना टेलिफोनच म्हणतात. भावही बरा होता. मी पाकीट काढलं तेवढ्यात विकणाऱ्या आजोबांनी विचारलं, "गाडी कुठल्या सालची?" मी सांगितलं, ८८. त्यांनी मान हलवली आणि चाक उलटं करून आतला आकडा दाखवला. ईटी २३.

ईटी म्हणजे ऑफसेट, चाकाची बोल्टने टेकणारी जागा त्याच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते. १९८७च्या मॉडेलपासून पोर्शेने ९४४ला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, देऊ केलं आणि त्यासाठी पुढच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली. आधीच्या गाड्यांना ऑफसेट २३ होता, नंतरच्यांना पन्नासच्या पुढे गेला. बोल्ट तेच पाच, १३० मिलिमीटरच्या वर्तुळावर. चाक बसतं, घट्ट होतं, पण जवळजवळ तीन सेंटिमीटर बाहेर येतं. बेअरिंगवर वेगळा भार पडतो, आणि ब्रेक मारताना एक चाक ओल्यावर आणि एक कोरड्यावर असेल तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. पोर्शेचंच चाक, ९४४चंच चाक, तरी माझ्या गाडीला चुकीचं. त्या आजोबांनी स्वतःची विक्री सोडून मला परत पाठवलं. त्यांचा मी अजून ऋणी आहे.

पुढच्या वर्षी त्याच बाजारात त्यांच्याकडेच मला माझ्या सालची १६ इंची चाकं मिळाली. आजोबांनी प्रत्येक चाक बोटावर तोलून धरलं आणि मधल्या बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं. आई माठ घेताना टिचकी मारून बघायची, तसं अगदी. तीन चाकं घंटेसारखी लांब वाजली. चौथं ठीक वाजलं, पण बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवल्यावर त्याला आउट निघाला, म्हणजे फिरताना ते किंचित वाकडं जात होतं. पुण्यात कोपऱ्यावरचा माणूस गरम करून, ठोकून तो आउट काढून देतो. इथे तसं चालत नाही आणि मलाही ते नकोच होतं, कारण तापवलेल्या ॲल्युमिनियमची ताकद कुठे कशी गेली ते डोळ्यांना दिसत नाही. तीस वर्षांचं ओरिजिनल चाक म्हणजे तीस वर्षांचे खड्डे सोसलेलं चाक. नुसता कंपनीचा शिक्का बघून ते डोळे मिटून घेऊ नये. एक चाक बदलून मिळायला मला आणखी तीन महिने लागले.

१७ वरून १६ वर आलो याचं दुःख होईल असं वाटलं होतं. नाही झालं. टायर २२५/४५ वरून २०५/५५ झाला. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के. बाहेरचा व्यास दोन्हींचा ६३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पण टायरची भिंत १०१ मिलिमीटरवरून ११३ मिलिमीटर झाली. बारा मिलिमीटर हवा आणि रबर. कारखान्यातून बरेचदा या गाडीवर १५ इंची चाकं आणि १९५/६५चे टायर यायचे, त्यांची भिंत तर १२७. गाडी रस्त्याशी कशी बोलते ते या काही मिलिमीटरांवर ठरतं. १७ वर ती सतत काहीतरी तक्रार करायची. १६ वर पहिल्यांदा निघालो तेव्हा गावाबाहेरच्या दगडी फरशीच्या रस्त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आज गाडी आवाज करत नाहीये."

आता स्पॉयलर. शोभेची वस्तू, कुठलीही चालेल, असं मी धरून चाललो होतो.

९४४च्या मागच्या काचेच्या कडेला कंपनीची एक बसकी काळी पट्टी येते. ती रबरासारखी मऊ असते. आधी ती १९७९च्या सुमारास पोर्शेच्याच ९२४ टर्बो या गाडीवर आली, तिथून ९४४वर. दिसायला काहीच नाही. आधीच्या मालकालाही तसंच वाटलं असणार, म्हणून ती काढून त्याने तिथे फायबरचा पंख बसवला होता. या गाडीची मागची काच चौकटीवर चिकटवलेली असते आणि वयानुसार तो चिकटा सुटतो, हे तिचं जुनं दुखणं. त्यावर पंखाचं वजन, वर हवेचा दाब, दार आपटलं की झटका. दुसऱ्या पावसाळी आठवड्यात डिकीतल्या गालिच्यातून पाणी पिळून काढलं तेव्हा मला हे कळलं. पण खरी गोष्ट पाण्याची नव्हती.

ए८१ महामार्ग दक्षिणेला सिंगेनकडे जातो. तिथे मोकळा पट्टा मिळाला की मी गाडी सोडायचो. १७०च्या पुढे स्टिअरिंग हलकं व्हायला लागायचं. चाकं बदलल्यावरही ते तसंच राहिलं. मी टायरची हवा बघितली, अलाइनमेंट करून घेतलं, काही फरक नाही. मग एका संध्याकाळी कागदावर गाडीची बाजूची आकृती काढली आणि पंखाजवळ खाली येणारा बाण काढला. पंख मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे. तिथे खाली दाबलं की मागचं चाक टेकू होतं आणि पुढचं टोक उचललं जातं. सी-सॉ. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १०० ला जेवढा, २०० ला त्याच्या चौपट. गावात हा पंख खरंच शोभेचा होता. महामार्गावर तो माझ्या हातातून पुढची चाकं काढून घेत होता.

झुफेनहाउझेनच्या संग्रहालयात १९७३ची ९११ कॅरेरा आरएस २.७ मी कितीतरी वेळा बघितली आहे. तिच्या मागे बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला भाग आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसला ही गाडी दाखवली. स्पर्धेच्या नियमासाठी ५०० विकायला हव्या होत्या, शेवटी १५८० बनल्या. ती शेपटी टिलमान ब्रोडबेक या तरुण इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ठोकून, जोडून, पुन्हा पुन्हा तपासून ठरवली. गाडीचा मागचा भाग वेगात उचलला जायचा, ते त्यांना थांबवायचं होतं. आकार आधी आणि कारण नंतर असं तिथे झालं नाही. पुढच्या बंपरखालीही त्यांनी हवा अडवणारी पट्टी ठेवली, कारण मागे दाबायचं तर पुढेही बघावं लागतं. हे मला वाचून माहीत होतं, पण हाताला कळायला ए८१ लागला.

कारखान्याचंही चुकतं, हेही सांगायला हवं. १९९८ला आलेली पहिली आउडी टीटी मागून अगदी गोलाई घेतलेली होती, कुठे पट्टी नाही, कुठे टोक नाही. फार सुंदर. मोठ्या वेगात लेन बदलताना तिचे अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमध्ये बदल केले, ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, दिलं आणि मागे एक छोटा स्पॉयलर लावला. सौंदर्य बिघडलं म्हणून तेव्हा कित्येक जण हळहळले. मला ती स्पॉयलरवालीच जास्त सुंदर वाटते.

मी पंख काढला, काच नव्याने चिकटवून घेतली आणि ती बसकी पट्टी शोधू लागलो. मध्ये एक मोहही झाला. शेवटच्या वर्षांतल्या ९४४ टर्बो आणि एस२ वर पुलासारखा उचललेला एक स्पॉयलर यायचा. तोही पोर्शेचाच, माझ्या गाडीवर बसतो, आणि कायद्यालाही चालला असता. इथे तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट मिळते. कर वर्षाला १९१ युरोच्या आसपास ठरलेला, आणि धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या शहराच्या भागात फिरायची मुभा. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, पण तिच्या पहिल्या दहा वर्षांत होऊ शकले असते असे बदल मान्य होतात. हा नियम मला फार आवडतो. गाडी कारखान्याच्या दारात गोठवून ठेवा असं तो म्हणत नाही. तिच्या काळाशी तिने नातं ठेवावं, एवढंच मागतो.

तरी मी पुलाचा स्पॉयलर घेतला नाही. माझ्या गाडीचं पुढचं तोंड साध्या ९४४चं आहे, टर्बोचं नाही, आणि त्या तोंडाबरोबर कारखान्याने तपासलेली पट्टी ती बसकीच. जुनी, कडेला पांढुरकी पडलेली एक मिळाली, ती बसवली. २०१८च्या सप्टेंबरात सिंगेनच्या रस्त्यावर १८० ला स्टिअरिंग हातात जड राहिलं. तो जडपणा मी शब्दांत सांगू शकत नाही. कोणीतरी समोरून हात घट्ट धरून ठेवावा तसा.

माझ्या गाडीवर आजही बाहेरचे भाग आहेत. ब्रेकचे स्टीलच्या जाळीचे होज बाहेरचे आहेत, कागदपत्रासकट, आणि मूळच्या रबरी होजपेक्षा मला ते जास्त भरवशाचे वाटतात. मागची काच उचलून धरणारे गॅस शॉक बाहेरचे आहेत. जिथे जीव टांगलेला तिथे नेहमी कंपनीचंच, असं मी आता म्हणत नाही. तिथे मी मागची बाजू बघतो.

भाच्याला मी परवा पुन्हा फोन केला. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनाप्रमाणे बदल करता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, ते त्याला सांगितलं. विम्याचंही सांगितलं. तो ऐकत होता, पण मुलं कायद्याच्या भाषेने ऐकत नाहीत. मग त्याला चाकाच्या ऑफसेटचं चित्र काढून पाठवलं, सिंहगड रोडच्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांपुढे टायरची बारा मिलिमीटर भिंत म्हणजे काय ते सांगितलं, आणि त्या लाल रेघेचा फोटो पाठवला, जो मी घरात कोणालाच दाखवला नव्हता. चाकावरच्या खुणाही सांगितल्या. जेडब्ल्यूएल म्हणजे जपानी मानकाप्रमाणे चाक केलंय असं बनवणाऱ्याने स्वतः दिलेलं वचन, व्हीआयए म्हणजे तिसऱ्याने केलेली तपासणी, आणि या खुणा खोट्याही छापल्या जातात. स्पॉयलरबद्दल एवढंच म्हणालो, "तू १०० च्या वर कधी जातोस?" तो म्हणाला, "मामा, एक्स्प्रेसवेवर जातो ना." मी म्हटलं, "मग पुढचं तोंड आधी बघ."

काल रात्री त्याचा दहावा फोटो आला. दुकानाच्या फरशीवर उपडं ठेवलेलं चाक, आत टॉर्च मारून काढलेलं. जेडब्ल्यूएल, बाजूला व्हीआयए, साइज, ऑफसेट, किलोमध्ये भार. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, हे चारपैकी एकाचं आहे. दुकान बंद व्हायची वेळ झाली. बाकीची तीन उद्या उलटी करून बघतो."